पाण्यावरचा सातबारा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नोकरी कुठं, लग्न झालंय का, मांसमच्छी खातोस का, यातलं काहीएक विचारलं नाही. दारात उभं करून विचारलं, "आज तिथी कोणती?" म्हटलं, माहीत नाही. "पोहता येतं?" म्हटलं, नाही. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतला माणूस. आमच्याकडे पाणी म्हणजे एक हंड्यातलं, नाहीतर आभाळातलं. त्यात पोहायचं कुठं? ते खूश झाले. म्हणाले, "वा! म्हणजे चुकीचं काही शिकलेला नाहीस. सामान घेऊन ये." अशा रीतीनं मी महाडला त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलो आणि सहा वर्षं हललो नाही. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला. मला झोपायला चार भिंती पुरेशा होत्या. घरमालक एवढे मोठे प्रकरण निघतील याची काय कल्पना!

ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. वरंधच्या डोंगरापासून खाडीकाठच्या खारजमिनीपर्यंत असा बांध नसेल जिथं ते साखळी घेऊन उन्हात उभे राहिले नाहीत. "भाऊ भावाच्या उरावर बसलेला बघितला रे मी," ते सांगायचे. "कशापायी? हातभर बांधापायी. शेवटच्या दिवशी ऑफिसातनं निघतानाच ठरवलं, आता जिथं कुणाच्या बापाला बांध घालता येत नाही तिथं जायचं." आणि हे गृहस्थ गेले खाडीवर! मूळचे महाडजवळच्या खोऱ्यातले भातशेतीवाले. घराण्यात कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला नाही. यांनी साठीच्या घरात एक जुनी शिडाची होडी घेतली आणि खाडीकाठच्या लोकांच्या शिव्या खात खात ती चालवायला शिकले. होडीचं नाव ठेवलं 'सातबारा'. पांढऱ्या रंगात, तलाठ्याच्या दाखल्यावर असतं तसं आकड्यात, ७/१२. कुणी विचारलं की सांगायचे, "प्रत्येकाला आपल्या नावाचा एक लागतो. माझा पाण्यावर आहे." गावानं त्यांना चेष्टेनं तांडेल म्हणायला सुरुवात केली, तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, पुढं तेच नाव पडलं. मीही तांडेलच म्हणायचो.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. "अर्ध्या ओहोटीला खाली ये, चहा टाकतो," हे त्यांचं आमंत्रण. आता महाडच्या आळीत माडीवर बसून मला काय डोंबल कळणार समुद्राला ओहोटी किती लागली ते? मग त्यांनी मला पाऊणकी पाठ करायला लावली. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता खाडीच्या मुखाशी भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. अष्टमीला आठ पाऊणे सहा. आत आत येत जाल तसा थोडा वेळ वर धरायचा, झालं. एम.एस्सी. झालेला घोडा मी, जिन्यात उभा राहून पोरासारखी पाऊणकी म्हणतोय आणि शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत! पण खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत आली. आता कॅलेंडरवर तिथी दिसली की डोकं आपोआप हिशेब करतं.

याच पाऊणकीनं त्यांची एकदा जन्माची फजिती केली होती आणि ती गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. मुलीला बघून गेलेली मंडळी दुसऱ्यांदा आली होती. बोलणी अजून व्हायची होती. यांनी उत्साहानं होणाऱ्या व्याह्यांना होडीतून फिरवायला नेलं. आदल्या दिवशी काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, एकादशी झालेली, म्हणून आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ. नऊला भरती धरून निघाले. पण त्या पक्षात एकादश्या आल्या होत्या दोन. काकूंची स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. पाण्याच्या लेखी अजून एकादशीच चालू, म्हणजे भरती येऊन गेली सव्वाआठला. यांची होडी एका चोंढ्यात, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यात, शिरली आणि पाणी खालून निघून गेलं. चिखलात रुतून बसले पाच तास. त्यात व्याही निघाले भागवत एकादशीवाले, त्यांचा कडक उपास. आणि होडीत काय? द्वादशी म्हणून काकूंनी सकाळी उठून केलेलं कोंबडीचं डबाभर सुकं! पाच तास त्या डब्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. दुसरं करण्यासारखं काहीच नसल्यामुळे सगळी बोलणी तिथंच उरकली. पाणी परत आलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. "मुलगी चिखलात दिली मी," असं ते सांगायचे आणि मुलगी तिथं असली तर "बाबा, पुरे हं!" म्हणून ओरडायची. काकू मी यायच्या आधीच वारल्या होत्या. त्यांचं नाव निघालं की मात्र गोष्ट जरा थांबायची.

गच्चीवर शीड वाळत घातलेलं असलं की भाडेकरूनं तिथं कपडे घालायचे नाहीत, हा नियम. माझे लॅबचे पांढरे कोट महिनोन्महिने खोलीतल्या दोरीवर वाळले, वास मारायचे. रविवारी पहाटे तांडेल सव गावच्या गरम कुंडावर अंघोळीला जायचे आणि तिथल्या माणसांना हात फिरवून सांगायचे की हे कुंड अमुक अमुक साखळ्या नदीपासून लांब आहे. अंतर सांगायचं तर साखळीतच. मला म्हणाले, "तुझी बायको दीड साखळीवरून ओरडते," माझं लग्न झाल्यावर. ती जरा मोठ्यानं बोलते हे खरं आहे. पण असं तोंडावर सांगतात का?

आणि त्यांचे ते मित्र! खाडीच्या दोन्ही काठांना पसरलेले, सगळे त्यांनी कधी ना कधी जमीन मोजून दिलेले. मोजणीदार येऊन गेला की एका तरी घरी त्याला जन्माची शिवी असते. यांना दोन्ही घरी चहा. का, तर हे शिपायाच्या हातात साखळी देत नसत. एक टोक एका भावाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. "ओढा," म्हणायचे. साखळी ताठ राहायची तर दोघांनी सारखंच ओढायला लागतं. दुपारपर्यंत दोघंही घामाघूम झालेले असायचे आणि कुणाच्या तरी घरनं ताक यायचं. निवृत्त झाल्यावर होडी घेऊन याच घरांना भेटी देत फिरायचं, हा त्यांचा महिन्यातून दोन-तीनदाचा कार्यक्रम. मला किती वेळा म्हणाले, "चल रे डोंगऱ्या." मी काहीतरी निमित्त सांगायचो. बुडायला मला अजिबात हौस नव्हती.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या तऱ्हा वाढत गेल्या. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. "ही ऐकायची वस्तू आहे," म्हणून मला वाचायला लावायचे. चष्म्यानं नाक कुजतं म्हणून चष्मा काढून ठेवला. स्कूटरचा वास सहन होत नाही म्हणून स्कूटर देऊन टाकली. त्याआधी ती शेजाऱ्यांच्या तुळशीवर घातली होती ते सोडा. आळीतून जाताना ओळखीच्या माणसाशी बोलायचे नाहीत आणि कुणी जाब विचारला तर म्हणायचे, "आधी बोलेल तो लहान, असा नियम केलाय मी." लोक हसायचे. मीही हसायचो. तांडेल म्हटल्यावर कसलंही वागणं खपून जायचं.

एका संध्याकाळी त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. मी तिला ताई म्हणतो. "दादा, बाबांना दिसत नाहीये," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात इकडे होते ना, तर माझ्या छोट्याशी गप्पा मारत बसले होते. तो उठून निघून गेला तरी हे रिकाम्या खुर्चीशी बोलतायत. मी बघत उभी. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात." मी म्हटलं, असेल काहीतरी गंमत त्यांची. तिला रडू आलं. "गंमत नाही हो. असे एकटे जातात त्या होडीतून. एक दिवस कुणीतरी मला फोन करून सांगेल. तुम्ही एकदा जा त्यांच्याबरोबर. दिवसभर बघा. तुम्ही म्हणालात दिसतंय, तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी येऊन होडी विकते. भांडू देत मग माझ्याशी."

म्हणजे काय, मोजणीला माझी नेमणूक! जी वस्तू त्या माणसाचा जीव होती, ती ठेवायची का काढायची ते मी सांगायचं. मी नको म्हणायला हवं होतं. पण बाईमाणूस रडायला लागलं की माझ्या तोंडून हो निघतं, हा माझा जुना दोष आहे.

"तांडेल, मी येतो तुमच्याबरोबर," म्हटल्यावर त्यांनी संशयानं बघितलं, म्हणजे मला तेव्हा बघितलं असं वाटलं. "काय रे, बायकोशी भांडलास?" एवढंच म्हणाले आणि खुशीत आले.

पौषातली अष्टमी होती. मुखाशी सहाला भरती, आमच्या जेटीला त्यानंतर तासाभरानं. त्यांना मागं बसवून मोटारसायकलवरून आंबेतच्या बाजूला, जिथं होडी बांधलेली असायची तिथं, उजाडता उजाडता पोचलो. चपला काठावर काढायला लावल्या, मोबाईल बंद करून पिशवीत टाकायला लावला. आणि मग काय सांगू! घरात खांबाला धडकणारा माणूस होडीत पाय टाकल्याबरोबर तिशीचा झाला. हात आपोआप दोरीवर जातायत, गाठी सुटतायत, शीड वर चढतंय. थंडीतला मतलई वारा सुटला होता, पहाटेचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. "वर वारा, खाली ओहोटी, दोघंही आपल्याच गाडीला जुंपलेत," ते म्हणाले. "परतीला दुपारचा पश्चिमेचा वारा आणि भरती. अष्टमीला आपण काही करायचंच नसतं रे, नुसतं बसायचं." मी दोन्ही हातांनी फळी धरून नुसता बसलो. पहिला अर्धा तास मी कुलदैवताला सोडलं नाही. मग हळूहळू हात सुटले. खाडी रुंद होत गेली, दोन्ही बाजूंचे डोंगर मागं मागं सरकले, पाण्यावरून वाफ निघत होती. इंजिन नाही, आवाज नाही. इतकी वर्षं मी हे का टाळलं, असं वाटून स्वतःचाच राग आला.

पहिला मुक्काम मामूदचाचांच्या घराखाली. जहाजावर नोकरी करून आलेले, आवाज भोंग्यासारखा. आम्ही लांब असतानाच अंगणातून ओरडायला लागले. "ओ तांडेल! उजव्या हाताला गाळ चढलाय रे! डावीनं ये, डावीनं! हां, आता सरळ!" तांडेल माझ्याकडे वळून म्हणाले, "गप्प बसवत नाही बघ याला. जहाजावर सवय लागलीय." चहा झाला, नानकटाया झाल्या. दोघांनी बंदरातल्या कुठल्याशा जुन्या भानगडीवर यथेच्छ भांडून घेतलं. आम्ही निघालो तेव्हा चाचा खिशातून फोन काढत होते.

पुढं तासाभरानं खाडीला वळण आहे. तिथं पाणी उतरलं की वाळूचा दांडा उघडा पडतो. गोदाक्का नावाची म्हातारी तिथं कमरेला पाटी बांधून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत होती. आम्ही वळणाला लागलो तशी तिनं काम टाकलं आणि एक पत्र्याचा डबा काठीनं बडवायला लागली. ठण ठण ठण. "कावळे हाकते," तांडेल म्हणाले. मी बघितलं तर कावळा औषधालाही नव्हता. दांड्याला बरोबर वळसा घालून त्यांनी होडी तिच्यापाशी लावली. "काय गो गोदे, जित्ती हायस काय?" "तुला पोचवल्याबिगर नाय जायाची मी," तिनं ठणकावलं आणि शिवल्यांची पिशवी माझ्या मांडीवर आदळली. मग मला नीट न्याहाळून हळूच म्हणाली, "तू पुढं बसतोस काय? बस रे बाबा. पुढंच बस."

तरी मला कळलं नव्हतं बरं का. कळलं ते खुंटापाशी. उजव्या अंगाला चिखलात जाळं बांधायचा एक खुंट उभा होता, त्याच्या डोक्यावर कुणी फाटकी टोपी अडकवलेली. तांडेलांनी हात वर करून हाक दिली, "काय म्हातारबा, आज एकटेच?" मी खो खो हसलो. म्हटलं काय माणूस आहे, खुंटाला रामराम घालतोय! ते पण हसले. पण माझ्यानंतर हसले. मी हसायला लागल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा तसाच राहिला, वर केलेला हात तसाच राहिला, आणि मग ते हसले, माझ्यापेक्षा मोठ्यानं. वर्तमानपत्र, चष्मा, स्कूटर, आळीतला तो आधी न बोलायचा नियम, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि मी मूर्ख इतके दिवस त्याच्यावर हसत होतो.

मुखाजवळ दोन भावांकडे जेवण होतं. यांनीच कधीकाळी साखळीची दोन टोकं त्यांच्या हातात दिलेली. आता एकच पडवी, दोन चुली. दोन्ही चुलींवरनं कालवण आलं, त्यावरून जावाजावांत चढाओढ. तांडेल दोन्हीला सारखंच चांगलं म्हणाले. हात धुवायला विहिरीवर गेलो तेव्हा धाकटा भाऊ माझ्या मागं आला.

"तुमी पयल्यांदाच आलाव काय?" त्यानं विचारलं. "मंग सांगून ठेवतो. सायबाला दिसत नाय."

मी हातातला तांब्या विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

"आमाला समद्यांला ठावं हाय. जेटीवरनं निघाला का चाचाला फोन जातो. चाचा गोदाक्काला लावतो, गोदाक्का आमाला. जो तो आपल्या जाग्यावर हुबा ऱ्हातो, आवाज देतो. पर सायबाला वाटतं, कुणाला कायच ठावं नाय. तुमी पन बोलू नका. त्याला वंगाळ वाटंल."

दोन वर्षं हे चाललं होतं. मोजणी करणाऱ्या माणसाला खाडीभर माणसांनी असं धरून ठेवलं होतं आणि त्याला कळू दिलं नव्हतं. विहिरीवर उभ्या उभ्या मला भरून आलं. धाकट्यानं गडबडीनं दुसरीकडे बघितलं.

ओहोटी सरली होती, भरती लागायला वेळ होता. तांडेल म्हणाले, "चल, समुद्रात नाक काढून येऊ." मुखाबाहेर पडलो. किनाऱ्याच्या कडेकडेनं हरिहरेश्वराच्या अंगाला थोडं वर गेलो. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाण्यावरून बघत होतो. ते डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "काय दिसतंय ते सांग. मला सवय झालीय, नव्या माणसाला कसं दिसतं ते ऐकू दे." मी म्हटलं, "पाणी आहे. पुष्कळ आहे." "अरे गाढवा, नीट सांग." मग मी सांगायला लागलो. हिरवट पाणी कुठं संपतं आणि निळं कुठं लागतं, खडकावर लाट फुटली की पांढरं किती वर जातं, लांब दोन शिडं आहेत, त्यातलं एक ठिगळाचं आहे. जे दिसेल ते सांगत सुटलो. लॅबमध्ये रिपोर्ट लिहितात तसं, काही सोडलं नाही. ते मध्ये मध्ये विचारायचे, "ठिगळ कुठल्या रंगाचं?" मी सांगायचो. असा अर्धा तास गेला असेल. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते बघून मी ठरवून टाकलं की ताईला काय सांगायचं.

परतीला वारा पाठीशी होता, शीड फुगलं होतं. त्यांनी सुकाणू धरलेलं, मी पुढं. मामूदचाचांच्या घराच्या अलीकडे एक छोटी पगार, एका माणसाची होडी, पाण्यावर स्थिर उभी होती. आत एकजण गळ टाकून बसलेला, आमच्याकडे पाठ करून. गळ टाकणारा माणूस कशाला आवाज करील? मला वाटलं आता वळवतील, आता वळवतील. नाही वळवलं. मी ओरडलो आणि मागं धावत जाऊन सुकाणूचा दांडा ओढला. आमची होडी त्याच्या होडीला घासून गेली. त्याचा डबा पाण्यात गेला, त्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तांडेल शांतपणे म्हणाले, "बघितलं होतं रे मी. मुद्दाम जवळनं नेत होतो, गंमत." पुढचा तासभर सुकाणू माझ्याच हातात राहिलं. त्यांनी ते परत मागितलं नाही. कुठं वळायचं ते मात्र सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत.

जेटीला लागलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला नव्हता. ते खाली होडीत शिडाची घडी घालत बसले. मी वर येऊन फोन चालू केला तर ताईचे सहा मिस्ड कॉल. लावला. ती काही बोलण्याआधीच मी म्हटलं, "ताई, काळजीचं काहीही कारण नाही. ठणठणीत दिसतं त्यांना. अहो, पलीकडच्या काठावरचे बगळे मोजून दाखवत होते मला!" ती हसली. म्हणाली, "खरं ना?" मी म्हटलं, "माझ्या आईची शपथ." आता आईला मध्ये आणायचं काही कारण होतं का? पण खोटं बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. फोन ठेवून वळलो तर तांडेल घडी घातलेलं शीड खांद्यावर घेऊन माझ्या मागं दोन पावलांवर उभे होते.

घरी आल्यावर मी जिना चढायला लागलो तर म्हणाले, "बस जरा." मी पायरीवर बसलो.

"बगळे मोजतो म्हणालास मी."

मी शिवल्यांच्या पिशवीची गाठ सोडायला लागलो.

"दोन वर्षं मला वाटत होतं की कुणाला कळलं नाही. मामूद ओरडतो, तो त्याचा स्वभाव. गोदा डबा वाजवते, ती कावळ्यांसाठी. मी म्हणायचो, काय आपली हुशारी! यांच्या आवाजावर होडी नेतोय आणि यांना पत्ता नाही." त्यांनी शीड खांद्यावरून खाली ठेवलं. "तुला एका दिवसात कळलं. तू खोटं बोललास म्हणजे कळलंच की. मग त्यांना दोन वर्षांत कळलं नसेल?"

"तसं नाही, तांडेल," मी म्हटलं.

"ती म्हातारी पोटाचं काम टाकून उभी राहते रे, माझी हौस म्हणून. आणि मी तिला चेष्टेनं जित्ती हायस काय विचारतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच मुलीला फोन लावायला सांगितला आणि स्वतः तिला म्हणाले, डॉक्टरची वेळ घे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. कडेचं थोडं दिसत राहील, समोरचं गेलं ते गेलं. होडी त्यांनी त्या दोन भावांना दिली. आता ते पुण्याला तिसऱ्या मजल्यावर असतात. मी गेलो की हात धरून बसवतात, सगळ्यांची विचारपूस करतात, माझ्यावर एवढासाही राग नाही. खाडीचा विषय मात्र काढत नाहीत आणि मलाही काढू देत नाहीत.

झालं ते बरंच झालं, असं सगळे म्हणतात. ताई म्हणते, माझी बायको म्हणते. तो गळवाला माणूस आठवला की मलाही पटतं. पण मी त्यांना ओळखत होतो हो! मी त्या दिवशी फोनवर खरं बोललो असतो, तर त्यांनी मला घर सोडायला लावलं असतं, आळी डोक्यावर घेतली असती, मुलीशी चार दिवस कडाकडा भांडले असते, आणि पाचव्या दिवशी एकटेच एस.टी. पकडून होडीत जाऊन बसले असते. त्यांना भांडायला कुणीतरी समोर लागायचं. मी नेमकी त्यांची बाजू घेतली.